अठ्ठावीस सांध्यांची मोजणी : आमवाताच्या दैनंदिन चिकित्सेचे शास्त्र

आमवाताच्या रुग्णाला तपासताना डॉक्टरांच्या हाती असलेले सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे त्यांचा स्वतःचा अंगठा होय. रुग्णाच्या बोटांच्या मुळांशी, मनगटावर, कोपरावर आणि गुडघ्यावर अंगठ्याने विशिष्ट दाब द्यायचा, कोणता सांधा दुखतो आणि कोणता सुजला आहे हे पाहायचे, त्यांची संख्या केसपेपरवर लिहायची आणि पुढच्या भेटीत ती पुन्हा मोजायची, अशी ही साधी कृती आहे. तिला दोन-तीन मिनिटे पुरतात. गेल्या तीन-चार दशकांत आमवातावर अत्यंत प्रभावी आणि महागडी औषधे निर्माण झाली. तरीही रोजच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णाचे हात वाकडे होण्यापासून वाचवण्याचे मोठे श्रेय या मोजणीला आणि तिच्या आधारे वेळेवर बदललेल्या उपचारांना द्यावे लागते.

‘सांधेदुखी’ या व्यापक नावाखाली शंभराहून अधिक विकार मोडतात. व्यवहारात त्यांचे चार प्रमुख गट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे. पहिला गट झीजजन्य विकारांचा. उतारवयातील गुडघेदुखी हे त्याचे परिचित रूप आहे. दुसरा गट स्फटिकजन्य विकारांचा. त्यात यूरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचून होणारा गाउट, म्हणजेच वातरक्त, येतो. तिसरा गट जंतुजन्य. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर तो रुग्णालयात तातडीने नेण्याचा प्रसंग समजावा. चौथा गट स्वयंप्रतिकारजन्य दाहक विकारांचा. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते, असे त्याचे स्वरूप असते. संधिवाताभ संधिशोथ, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा या चौथ्या गटातील प्रमुख विकार होय. मराठी व्यवहारात त्यालाच बहुधा आमवात म्हणतात आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

आमवातात सांध्याच्या आतील पातळ अस्तराला, म्हणजे सायनोव्हियमला, दीर्घकालीन दाह होतो. हे अस्तर जाड होते, त्यात दाहक पेशींची गर्दी होते आणि त्यातून पाझरणारी द्रव्ये कूर्चा व हाड कुरतडू लागतात. हाडाच्या कडेला पडलेल्या अशा खाचा क्ष-किरण चित्रात दिसतात. एकदा पडलेली खाच सहसा भरून येत नाही. स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. आनुवंशिक प्रवृत्ती, धूम्रपान आणि हिरड्यांचा जुनाट विकार यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला आहे. दाह केवळ सांध्यांपुरता राहत नाही. फुप्फुसे, डोळे आणि रक्तवाहिन्या यांनाही त्याची झळ पोहोचते आणि अशा रुग्णांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो.

या विकाराचे आधुनिक वर्णन पॅरिसमध्ये सुरू झाले. ऑगुस्तँ लान्द्रे-बोवे या तरुण वैद्याने १८०० साली आपल्या प्रबंधात, गाउटपेक्षा वेगळा आणि प्रामुख्याने स्त्रियांत दिसणारा संधिविकार नोंदवला. लंडनच्या आल्फ्रेड बेअरिंग गॅरड यांनी गाउटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक आम्ल वाढते हे आधी दाखवले आणि १८५९ मध्ये या दुसऱ्या विकाराला ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिले. आपल्याकडे माधवनिदान या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सांध्यांची सूज, जखडलेपणा, अंगदुखी आणि मंदावलेला अग्नी यांचा एकत्रित विचार केलेला आढळतो. आमवात आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संकल्पना तंतोतंत एकच आहेत असे मानणे योग्य नव्हे. तथापि सांध्यांचा विकार हा सर्व शरीराचा विकार असतो, ही त्या ग्रंथातील जाण मोलाची आहे.

निदानाच्या बाबतीत आपल्या समाजात एक गैरसमज फार खोलवर रुजला आहे. बोटे दुखू लागली की प्रयोगशाळेत जाऊन ‘आरए फॅक्टर’ तपासायचा आणि तो निघाला तर आमवात, न निघाला तर काही नाही, असे मानले जाते. ही कसोटी नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० साली प्रथम वर्णिली. तिचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. परंतु क्षय, कुष्ठरोग, हिपॅटायटिस-सी यांसारख्या जुनाट संसर्गांत आणि काही निरोगी वृद्धांतही ती सकारात्मक येते. उलट आमवाताच्या बऱ्याच रुग्णांत ती नकारात्मकच राहते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील संशोधकांनी विकसित केलेली ‘अँटी-सीसीपी’ ही प्रतिपिंडांची कसोटी अधिक विश्वासार्ह आहे, कारण ती सकारात्मक असताना आमवात असण्याची शक्यता फार मोठी असते. तरीही तीही काही रुग्णांत नकारात्मक येते. म्हणून अहवालाचा कागद हातात घेण्यापूर्वी रुग्णाचा हात हातात घ्यावा, हा क्रम कोणत्याही परिस्थितीत उलटू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

हात पाहताना काय पाहावे, याची सोपी त्रिसूत्री संशोधकांनी २००२ मध्ये मांडली. तीन किंवा अधिक सांधे सुजलेले असणे, सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ सांधे आखडलेले राहणे, आणि बोटांच्या मुळांशी असलेल्या सांध्यांची किंवा पायाच्या चवड्याची रांग दोन्ही बाजूंनी हलकेच आवळली असता वेदना होणे, ही ती तीन लक्षणे. यांपैकी एखादे जरी आढळले, तरी रुग्णाला संधिवाततज्ज्ञाकडे पाठवण्यात विलंब करू नये. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणे सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत ही भेट व्हावी आणि तीन महिन्यांच्या आत मूळ उपचार सुरू व्हावेत. घरोघरच्या डॉक्टरांना ही तपासणी सहज करता येते. तिच्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. सकाळच्या ताठरपणाविषयी प्रश्न विचारताना मात्र आपल्याकडच्या जीवनातील खुणा विचाराव्यात. सकाळी बांगड्या हातावरून सरकतात का, पिठाचा गोळा मळता येतो का, भाकरी थापता येते का, ओले कपडे पिळता येतात का, खाली मांडी घालून बसता येते का, या प्रश्नांची उत्तरे रुग्ण नेमकी देतो. भारतात रुग्णाची कार्यक्षमता मोजण्यासाठी परदेशी प्रश्नावल्या जशाच्या तशा न वापरता त्यांत खाली बसण्या-उठण्यासारख्या क्रियांचा समावेश करण्यात आला, हे अत्यंत योग्य झाले.

या लेखाचा मुख्य विषय असलेली मोजणी शास्त्रीय स्वरूपात विकसित झाली ती प्रामुख्याने नेदरलँड्समधील नाइमेखेन या शहरात. तेथील संशोधकांनी १९९० मध्ये सांध्यांची संख्या, रक्ताची तपासणी आणि रुग्णाचे स्वतःचे मत यांतून रोगक्रियतेचा एक अंक तयार केला. १९९५ मध्ये त्याचे सुटसुटीत, अठ्ठावीस सांध्यांचे रूप प्रसिद्ध झाले. त्यालाच ‘डास-२८’ म्हणतात. खांदे २, कोपरे २, मनगटे २, बोटांच्या मुळांचे सांधे १०, बोटांचे मधले सांधे व अंगठ्याचे सांधे मिळून १० आणि गुडघे २, असे हे २८ सांधे होत. प्रत्येक सांधा दोनदा पाहायचा असतो. एकदा वेदनेसाठी, एकदा सुजेसाठी. वेदनेसाठी अंगठ्याचा दाब इतका असावा की डॉक्टरांच्या नखाखालची लाली ओसरून नख पांढरे पडावे. त्याहून अधिक दाबल्यास निरोगी सांधाही दुखतो. सूज तपासताना दोन्ही अंगठे सांध्याच्या कडेवर ठेवून अस्तराची मऊ, कणकेसारखी जाडी चाचपावी. झिजेच्या विकारात बोटांच्या टोकांशी हाडासारख्या कठीण गाठी लागतात आणि आमवातात ही मऊ सूज लागते. हा फरक बोटांना कळू लागण्यासाठी सराव लागतो, पण तो कळू लागला की सहसा चूक होत नाही.

डास-२८ काढताना या दोन संख्यांबरोबर ‘ईएसआर’, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा अवसादन दर, आणि रुग्णाने शंभरापैकी दिलेले आपल्या प्रकृतीचे मोजमाप यांचे गणित मांडतात. येणारा अंक २.६ पेक्षा कमी असल्यास रोगशांती, ३.२ पर्यंत अल्प क्रियता आणि ५.१ पेक्षा अधिक असल्यास तीव्र क्रियता मानतात. वर्गमुळे आणि लघुगणक यांचा हा हिशेब गर्दीच्या दवाखान्यात किचकट होतो. म्हणून २००५ च्या सुमारास व्हिएन्नातील डॅनियल आलेताहा आणि योसेफ स्मोलेन यांनी ‘सीडीएआय’ हा अधिक सोपा निर्देशांक पुढे आणला. त्यात दुखणाऱ्या सांध्यांची संख्या, सुजलेल्या सांध्यांची संख्या, रुग्णाने दहापैकी दिलेले गुण आणि डॉक्टरांनी दहापैकी दिलेले गुण यांची केवळ बेरीज करायची असते. बेरीज २.८ किंवा त्याहून कमी असेल तर रोगशांती, १० पर्यंत अल्प, २२ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. रक्ताची तपासणी लागत नाही, त्यामुळे ही बेरीज त्याच भेटीत पूर्ण होते आणि निर्णयही त्याच भेटीत घेता येतो. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत रुग्ण गावी परतलेला असतो, अशा आपल्या परिस्थितीत या बेरजेचे मोल फार मोठे आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. अठ्ठावीस सांध्यांत घोटे आणि पावले येत नाहीत. अनेक रुग्णांत विकाराची सुरुवात चवड्यांतच होते, त्यामुळे चपला काढायला लावून पाय स्वतंत्रपणे पाहिलेच पाहिजेत. काही रुग्णांत आमवाताबरोबर सर्वांगदुखीचा विकार, म्हणजे फायब्रोमायल्जिया, असतो. त्यांचे दुखणारे सांधे पुष्कळ आणि सुजलेले सांधे थोडे निघतात, आणि केवळ अंक पाहून औषध वाढवल्यास त्यांच्यावर अन्याय होतो. दुखणे आणि सूज या दोन संख्या स्वतंत्रपणे लिहून ठेवण्याचे एक कारण हेच आहे.

मोजणीने खरोखर किती फरक पडतो, याचे उत्तर स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे मिळाले. ‘टिकोरा’ या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ११० रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला नेहमीप्रमाणे दर तीन महिन्यांनी तपासले आणि उपचार डॉक्टरांच्या अंदाजावर सोपवले. दुसऱ्या गटाला दरमहा बोलावले, प्रत्येक वेळी रोगक्रियतेचा अंक काढला, सुजलेल्या सांध्यात आवश्यक तेथे इंजेक्शन दिले आणि अंक ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर आधीच आखलेल्या पायऱ्यांनुसार औषध वाढवले. दोन्ही गटांना उपलब्ध असलेली औषधे जुनी आणि परिचित होती. आजची महागडी जैव औषधे त्यांत नव्हती. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील १६ टक्के रुग्ण रोगशांतीला पोहोचले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६५ टक्के होते. एकूण खर्चही वाढला नाही. आमवाताच्या चिकित्सेच्या इतिहासात एवढी मोठी झेप नव्या रेणूमुळेही क्वचितच साधली गेली असेल, आणि तरीही हा अभ्यास वैद्यकाबाहेरच्या वाचकाला जवळजवळ अज्ञात आहे, याची खंत वाटते.

मधुमेहात साखर आणि रक्तदाबात पारा जसा लक्ष्यापर्यंत आणतात, तसा आमवातातही लक्ष्य ठरवून उपचार करावा, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१० मध्ये एकमताने मांडले. लक्ष्य रोगशांतीचे असावे आणि विकार फार जुना असेल तर किमान अल्प क्रियतेचे. रोग क्रियाशील असेपर्यंत दर एक ते तीन महिन्यांनी भेट व्हावी. तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही, किंवा सहा महिन्यांत लक्ष्य गाठले नाही, तर उपचार बदलावा. रुग्ण ‘जरा बरं वाटतंय’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा तीच गोळी चालू राहते. त्या क्षणी चार सांधे अद्याप सुजलेले असतात आणि हाड झिजत असते. अंक समोर असला की हा संभ्रम राहत नाही.

मूळ उपचारात पहिले स्थान मेथोट्रेक्सेट या औषधाचे आहे. या औषधाच्या जन्माशी एका भारतीयाचे नाव निगडित आहे. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात फॉलिक आम्लाला विरोध करणारे रेणू तयार झाले. त्यांचा पहिला उपयोग बालकांच्या रक्तकर्करोगावर झाला. १९५१ मध्ये त्याच गटातील अमिनोप्टेरिन आमवातात वापरून पाहिले गेले आणि १९८० च्या दशकातील शिस्तबद्ध चाचण्यांनंतर १९८८ मध्ये अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी मान्यता मिळाली. आज ते जगभर पायाभूत औषध आहे आणि आपल्याकडे अल्प दरात मिळते.

मेथोट्रेक्सेट आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. या एका वाक्याकडे दुर्लक्ष झाल्याने जगभर रुग्ण दगावले आहेत, म्हणून येथे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. रोज घेतल्यास अस्थिमज्जा दबते, रक्तपेशी घटतात, तोंडात व्रण पडतात आणि जीव धोक्यात येतो. यासाठी चिठ्ठीवर वार मराठीत, ठळक अक्षरांत लिहावा: ‘फक्त रविवारी’. शक्यतो एकाच ताकदीच्या गोळ्या द्याव्यात. फॉलिक आम्लाची गोळी वेगळ्या वारी सांगावी आणि तिचाही वार लिहावा. औषध दुकानदाराने आणि घरातील एका जाणत्या माणसाने ही चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवावी. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी सुरुवातीला दर चार ते सहा आठवड्यांनी आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी व्हावी. लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिले जाणारे ट्रायमेथोप्रिम मेथोट्रेक्सेटबरोबर घेणे धोकादायक ठरू शकते. तरुण स्त्रीला गर्भधारणेचा विचार आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे, कारण हे औषध गर्भाला घातक आहे आणि काही महिने आधी थांबवावे लागते. अशा वेळी सल्फासलाझीन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही सुरक्षित पर्यायी औषधे उपलब्ध आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन दीर्घकाळ चालू असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ठरावीक काळाने करावी.

कॉर्टिसोनची कथा सुप्रसिद्ध आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये ते आमवाताच्या रुग्णाला प्रथम दिले. अंथरुणाला खिळलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली आणि १९५० मध्ये हेन्च, केंडल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घकाळ घेतल्यास हाडांचा ठिसूळपणा, मधुमेह आणि संसर्ग वाढतात, हे लवकरच दिसून आले. म्हणून आज स्टिरॉइड हे मूळ औषधाचा परिणाम सुरू होईपर्यंतचे, काही आठवड्यांचे साहाय्य मानले जाते. ते अनेक महिने घेतल्यानंतर एकाएकी बंद करू नये. रस्त्याकडेला विकल्या जाणाऱ्या, लेबल नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत चमत्कार दाखवणाऱ्या पुडीविषयी रुग्णाने डॉक्टरांना अवश्य सांगावे आणि डॉक्टरांनी न रागावता ते ऐकावे.

जैव औषधांचा आरंभ १९९० च्या दशकात लंडनमध्ये झाला. मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी टीएनएफ या दाहक द्रव्याला अडवणारे प्रतिपिंड आमवाताच्या रुग्णांना देऊन त्याचा परिणाम सिद्ध केला. भारतात ही औषधे देण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाचा शोध घेणे अनिवार्य आहे, कारण टीएनएफ अडवल्यावर दबलेला क्षय डोके वर काढतो. छातीचे क्ष-किरण चित्र आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी केल्याखेरीज पहिले इंजेक्शन देऊ नये. २०१४ मध्ये भारतात ॲडालिम्युमॅब या औषधाची समजैव आवृत्ती जगात सर्वप्रथम बाजारात आली आणि पुढे तोंडाने घ्यावयाच्या टोफॅसिटिनिबची स्वस्त रूपेही उपलब्ध झाली. त्यामुळे पूर्वी केवळ धनिकांना परवडणारे उपचार थोड्या अधिक कुटुंबांपर्यंत पोहोचले आहेत.

महाराष्ट्राचा या विषयाशी एक अभिमानास्पद संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी समाजातील संधिविकारांचे सर्वेक्षण करण्यासाठी ‘कॉपकॉर्ड’ ही योजना १९८१ मध्ये हाती घेतली. तिच्या अंतर्गत पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे घरोघरी पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे आढळले. आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का होते. अर्धा टक्का ऐकायला अल्प वाटतो, परंतु दहा हजार प्रौढांच्या वस्तीत त्याचा अर्थ पन्नास रुग्ण असा होतो. हे पन्नास जण उरलेल्या हजारो दुखऱ्या माणसांतून ओळखणे, हेच प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचे खरे काम आहे. त्यात चिकुनगुन्याची भर पडते. १९७३ मध्ये बार्शीत आणि २००६ मध्ये राज्यभर त्याच्या मोठ्या साथी आल्या. या तापानंतर काही रुग्णांचे सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहतात आणि चित्र हुबेहूब आमवातासारखे दिसते. तापाची तारीख विचारणे आणि काही आठवड्यांनी सांधे पुन्हा मोजणे, यातूनच बहुतेक वेळा उलगडा होतो.

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे सर्व बसवायचे तर कामाची वाटणी करावी लागते. रुग्ण बाकावर वाट पाहत असतानाच त्याने आपले दहापैकी गुण आणि दुखणारे सांधे मानवी आकृतीच्या चित्रावर खुणेने दाखवावेत. प्रशिक्षित परिचारिकेने सांधे मोजावेत, वजन व रक्तदाब नोंदवावा, मेथोट्रेक्सेटचा वार रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यावा. फिजिओथेरपिस्टने मनगटाची पट्टी आणि बोटांचे व्यायाम दाखवावेत. डॉक्टरांपुढे रुग्ण येईल तेव्हा मागील भेटीचा आणि आजचा अंक शेजारी शेजारी असावेत, म्हणजे डॉक्टरांची मिनिटे निर्णयासाठी आणि संवादासाठी उरतात. फ्लू व न्यूमोकॉकस यांच्या लसी दिल्या आहेत का आणि तंबाखू सुटली आहे का, या दोन प्रश्नांसाठी त्याच पानावर कायमची जागा राखून ठेवावी.

रोगशांती किमान सहा महिने टिकली की औषधे कमी करण्याचा विचार करता येतो. स्टिरॉइड चालू असेल तर ते सर्वप्रथम पूर्ण थांबवतात. नंतर जैव औषधांच्या मात्रांमधील अंतर हळूहळू वाढवतात आणि मेथोट्रेक्सेटची मात्रा सर्वांत शेवटी, सावकाश कमी करतात. सर्व औषधे एकदम सोडणाऱ्या बहुसंख्य रुग्णांत विकार पुन्हा उसळतो. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केली असता सूज परतली, तर आधीची मात्रा पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांत ती आटोक्यात येते. म्हणून सांधे अजिबात दुखत नसतानाही, दर तीन ते सहा महिन्यांनी रुग्णाने यावे आणि डॉक्टरांनी अठ्ठावीसही सांधे पुन्हा मोजून संख्या शून्य असली तरी ती लिहून ठेवावी.